मुद्राधिकाराची हकीकत

एखादी गोष्ट कायमची ठरली म्हणजे तिच्यावर शिक्कामोर्तब झाले असे आपण सहज म्हणून जातो. पण हा एक शब्द नसून दोन निरनिराळ्या वस्तूंची जोडी आहे, ही आठवण आता जुन्या दप्तरांत ज्यांचा वावर असतो त्यांच्यापुरतीच उरली आहे. शिक्का पडे तो पत्राच्या माथ्याशी आणि मोर्तब उमटे ते मजकूर जेथे संपला तेथे, कारण पहिल्याने पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले हे सांगावयाचे आणि दुसऱ्याने तो अधिकार कोठवर चालतो हे. दोहोंच्या मधला मजकूर तेवढा धन्याचा, त्याखाली एखाद्या कारकुनाने मागाहून एक ओळ वाढवली तर ती बेवारशी. शिवछत्रपतींच्या अष्टकोनी मुख्य मुद्रेत प्रतिपदेच्या चंद्रकोरीचा दाखला देऊन, दिवसानुदिवस वाढणारी ही मुद्रा लोककल्याणासाठी आहे असे सांगितलेले आहे, आणि पत्राच्या अखेरीस मोर्तबात 'मर्यादेयं विराजते' एवढेच. माथ्यावर वाढीची आकांक्षा आणि पायथ्याशी मर्यादेची आठवण, ही रचना ज्या कोणी योजिली त्याला राज्यकारभाराची जाण आजच्या पुष्कळ घटनापंडितांहून अधिक असली पाहिजे.

आपल्या विद्यापीठाच्या शतकाचा इतिहास या स्मरणिकेत निरनिराळे लेखक निरनिराळ्या अंगांनी सांगतील. कोणी कुलगुरूंची परंपरा सांगेल, कोणी इमारतींची, कोणी परीक्षांची. प्रस्तुत लेखकाने मुद्रा हा विषय मुद्दाम मागून घेतला. मुद्रेच्या वर्तुळात कोणते चिन्ह शोभावे हा प्रश्न चित्रकाराचा आहे आणि तो त्याच्यावर सोपवलेला बरा. मुद्रा उमटविण्याचा हक्क कोणाला, तो कोणी दिला आणि तो मिळण्यापूर्वी या गावातील विद्वत्तेवर कोणाचा ठसा पडत होता, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे, आणि नागपुरात तर त्याची कथा फार लांबवर मागे जाते.

नागपूर हे गाव वसले तेच मुळी दुसऱ्याच्या मुद्रेच्या छायेत. 1702 मध्ये ज्या देवगडच्या गोंड राजाने ते वसविले त्याचे बख्त बुलंद हे नावसुद्धा आलमगीर बादशहाकडून आलेले. पुढे भोसल्यांचा अंमल बसला, त्यांच्या फौजा बंगाल-ओरिसापर्यंत गेल्या, परंतु रघूजींचे सेनासाहेबसुभा हे पद सातारच्या छत्रपतींच्या सनदेने मिळालेले. कर्तबगारी नागपूरची असली तरी सनदेवरचा शिक्का सातारचा, असा तो व्यवहार होता. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले, आणि 1861 मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला तेव्हा या शहराला राजधानीचा मान मिळाला खरा; पण त्या राजधानीच्या कागदावरील मोहोर तर साता समुद्रापलीकडच्या राणीची होती.

त्याही मागे, सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी, हीच भूमी स्वतःच्या मुद्रेने बोलत होती. नागपूरहून रामटेककडे जाताना लागणारे नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. वाकाटकांचे ताम्रपट एका कडीत ओवलेले असत आणि त्या कडीला मुद्रा जोडलेली असे. आपल्या समकालीनांच्या मुद्रांशी त्या मुद्रा ताडून पाहिल्या म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. गुप्तांचा गरुड, पुढे राष्ट्रकूटांचाही गरुड, शरभपुरीयांची गजलक्ष्मी. जो तो राजवंश आपले चिन्ह आधी ठळक करतो आणि अक्षरे मागाहून. दुसऱ्या प्रवरसेनाच्या मुद्रेवर मात्र भर आहे तो चार ओळींत बसविलेल्या एका अनुष्टुभ् श्लोकावर: वाकाटकांचे भूषण असलेल्या आणि वंशक्रमाने राजलक्ष्मी पावलेल्या राजाचे हे शासन, आणि ते शत्रूंनाही शासन करणारे, असा त्याचा आशय. 'शासन' या शब्दावर, आज्ञा आणि दंड या त्याच्या दोन्ही अर्थांवर, केलेली ही कोटी राजमुद्रेवर कोरण्याचे धाडस ज्या दरबारात झाले त्या दरबारात काव्याची काय प्रतिष्ठा असेल, हे निराळे सांगावयास नको. सेतुबंध हे प्राकृत महाकाव्य याच प्रवरसेनाच्या नावावर आहे.

त्याची आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पती रुद्रसेन अकाली वारल्यावर अल्पवयी पुत्राच्या नावाने तिने नंदिवर्धनाहून राज्य चालविले, आणि पुण्यात उपलब्ध झालेल्या तिच्या ताम्रपटाच्या मुद्रेवर हे शासन युवराजाच्या जननीचे आहे असे तिने स्पष्ट म्हटले. युवराज लहान आहे म्हणून त्याच्या नावाचा ठसा वापरून मोकळे होणे तिला अशक्य नव्हते. तसे न करता ज्या नात्याने आपण अधिकार चालवितो ते नातेच तिने मुद्रेवर घातले, हा प्रामाणिकपणा राजकारणात दुर्मिळ म्हटला पाहिजे. अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रांकित गोळी मिळाली असून तिच्यावर शंख आहे. तिच्या वैष्णव भक्तीशी ते चिन्ह जुळते.

या साऱ्या मुद्रा आज आपल्याला सुसंगतपणे वाचता येतात त्याचे श्रेय ज्या पंडिताला आहे तो याच विद्यापीठाचा. म. म. वासुदेव विष्णु मिराशी कोकणातून येथे आले, मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकविता शिकविता ताम्रपटांच्या नादी लागले, आणि 1963 मध्ये वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ भारतीय अभिलेखांच्या सरकारी मालिकेत पाचवा खंड म्हणून प्रसिद्ध झाला. ज्या गावाला दीर्घकाळ परक्या शिक्क्यांची सवय झालेली, त्या गावाच्या विद्यापीठात बसून एका अध्यापकाने या भूमीच्या स्वतःच्या मुद्रा पुन्हा वाचून दाखवाव्यात, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

राजाची मुद्रा आणि विद्यापीठाची मुद्रा यांत मात्र एक मूलभूत फरक आहे. राजा हा देहधारी असतो, त्याला हात असतो, तो मुद्रा उमटवितो आणि मरतो. विद्यापीठाला देह नाही. मग त्याचे म्हणणे कोणते आणि त्याच्या आवारातील एखाद्या विद्वानाचे खाजगी मत कोणते, हे कशावरून ओळखावे? याचे आपल्या देशातील फार जुने उत्तर नालंदेच्या उत्खननात सापडले. तेथे मिळालेल्या मुद्रांकनांवर दोन मृगांच्या मध्ये धर्मचक्र असून खाली ही मुद्रा श्रीनालंदा महाविहारातील आर्य भिक्षुसंघाची असे कोरलेले आहे. धर्मचक्राची ओळख नागपूरकराला वेगळी करून देण्याचे कारण नाही. लक्ष वेधून घेतो तो 'संघ' हा शब्द. ज्या राजांनी नालंदेला गावे तोडून दिली त्यांपैकी कोणाचे नाव त्या मुद्रेत नाही, महास्थविराचेही नाही. समुदायाचीच ती मुद्रा.

युरोपात हा हक्क इतक्या सुखाने मिळाला नाही. पॅरिसच्या गुरुजनांनी तेराव्या शतकाच्या आरंभी आपल्या संघासाठी परस्पर एक मुद्रा खोदवून घेतली, तेव्हा बिशपाच्या धर्मपीठाला ती आपल्या अधिकारावरील आक्रमण वाटली, आणि 1225 मध्ये पोपच्या वकिलाने ती सर्वांसमक्ष फोडून टाकली. विद्यार्थी दंडुके व तलवारी घेऊन त्याच्या मुक्कामावर चालून गेले आणि अखेर राजाच्या शिपायांनी त्याला सोडविले. पुढे 1246 मध्ये मुद्रेची परवानगी मिळाली. धातूच्या एका तुकड्यासाठी रक्त सांडावे हे आज हास्यास्पद वाटेल. परंतु तो तुकडा ज्याच्यापाशी नाही त्याला करार करता येत नाही, देणगी घेता येत नाही आणि फिर्याद लावता येत नाही, ही गोष्ट त्या विद्यार्थ्यांना आपल्यापेक्षा चांगली समजली होती.

हाच विचार इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आला. 1857 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या विद्यापीठांचे जे कायदे झाले त्यांत विद्यापीठ ही एक कायदेशीर व्यक्ती आहे, तिची परंपरा अखंड आहे आणि तिला एक सामाईक मुद्रा आहे, या तीन गोष्टी एका दमात सांगितलेल्या असून पुढच्या विद्यापीठांच्या कायद्यांनी तीच वाक्यरचना उचललेली आहे. नागपूरला 1883 मध्ये हिस्लॉप कॉलेज आणि 1885 मध्ये मॉरिस कॉलेज निघाले. शिकविणारे येथे, शिकणारे येथे, पण पदवी देणारे कलकत्त्यास, आणि पुढे प्रांतांची वाटणी झाल्यावर अलाहाबादेस. त्या काळचा नागपूरचा पदवीधर आपले पदवीपत्र भिंतीवर लावी तेव्हा त्यावर आधी हुगळीकाठचा आणि मागाहून प्रयागचा ठसा असे.

या प्रयागच्या ठशाविषयी थोडे थांबून सांगावेसे वाटते. अलाहाबाद विद्यापीठाच्या चिन्हात एक विस्तीर्ण वटवृक्ष आहे आणि त्याखाली लॅटिन भाषेत, जितक्या शाखा तितके वृक्ष, अशा अर्थाचे वचन आहे. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकतात, मूळ धरतात आणि स्वतः खोड होतात, हे आपल्याकडच्या प्रत्येक गावाच्या पारावर दिसणारे दृश्य. 1887 मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाने ते परभाषेत कोरले. पण आपल्या वचनाचा अर्थ आपल्याच हयातीत अक्षरशः खरा होईल हे त्या संस्थापकांना बहुधा उमगले नसावे. 1921 च्या कायद्याने अलाहाबाद विद्यापीठाचे स्वरूप निवासी व अध्यापनप्रधान झाले, दूरच्या संलग्न महाविद्यालयांना दुसरा आश्रय पाहणे प्राप्त झाले, आणि दोनच वर्षांनी, 4 ऑगस्ट 1923 रोजी, नागपूरच्या पारंबीने जमीन धरली. सहा महाविद्यालये आणि 927 विद्यार्थी, एवढा तो प्रपंच. कुलपती अर्थात प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय, आणि पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. बोस हे मूळचे बंगालचे, वकिलीसाठी नागपुरास आलेले आणि येथलेच झालेले. मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांच्या प्रांताचे विद्यापीठ एका बंगाली गृहस्थाने चालू करून द्यावे यात त्या काळी कोणाला विचित्र वाटले नाही, हे त्या पिढीच्या मोठेपणाचे गमक होय.

त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, आणि त्यामुळे मुद्रेच्या दृष्टीने एक मौजेची परिस्थिती उत्पन्न झाली. वऱ्हाड हा मुलूख कागदोपत्री निजामाचा. 1902 च्या कराराने तो इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने आलेला आणि 1903 मध्ये मध्यप्रांतास जोडलेला. म्हणजे अमरावतीच्या विद्यार्थ्याची जमीन आसफजाही, अंमल इंग्रजी, घरची भाषा वऱ्हाडी आणि पदवीवरील ठसा नागपूरचा.

स्थापनेच्या त्या दिवसांकडे पाहताना शहरात दुसरीकडे काय चालले होते तेही पाहिले पाहिजे. 1923 च्या उन्हाळ्यात नागपुरास झेंडा सत्याग्रह पेटलेला होता. चरख्याचा तिरंगा हाती घेऊन सिव्हिल लाइन्सच्या रस्त्याने जाण्यास सरकारची मनाई, आणि ती मोडण्यासाठी रोज निघणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकड्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येत, पकडली जात आणि तुरुंग भरत. वर्ध्याचे जमनालाल बजाज या चळवळीचे सूत्रधार, ते तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली, आणि 18 ऑगस्टला निशाण घेऊन मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली तेव्हाच तो लढा थांबला. विद्यापीठ जन्मले ते 4 ऑगस्टला, म्हणजे या लढ्याच्या ऐन शेवटच्या पंधरवड्यात. एकाच गावात, एकाच महिन्यात, एक चिन्ह सरकारच्या मंजुरीने सुखासुखी अस्तित्वात येत होते आणि दुसऱ्या चिन्हासाठी, तेही चार हात कापडाच्या, माणसे खडी फोडायला जात होती. आपल्या विद्यापीठाच्या जन्मकथेत या दुसऱ्या घटनेचा उल्लेख सहसा येत नाही; तो यावा असे मला वाटते. विद्यापीठाच्या नव्या प्रशासकीय इमारतीला आज जमनालाल बजाजांचेच नाव आहे, आणि त्या दालनांतून ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांना ही संगती आठवत असेल, कोण जाणे.

सामाईक मुद्रेबरोबर येणाऱ्या 'अखंड परंपरा' या शब्दांचे मोल विद्यापीठाला लौकरच कळले. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, मँगनीजच्या खाणींचे मालक, 1930 मध्ये निवर्तले आणि आपल्या मृत्युपत्राने पस्तीस लाखांहून अधिक रुपयांची संपत्ती उपयोजित विज्ञान व रसायनाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाच्या हवाली करून गेले. त्या दानातून 1942 मध्ये त्यांच्या नावाची तंत्रसंस्था उभी राहिली. दाता गेल्यावर बारा वर्षांनी! इतका काळ ते दान ज्याने जपले तो कोणी एक माणूस नव्हता. कुलगुरू बदलले, सभासद बदलले, परंतु ज्याच्या नावे ते दान होते तो धनी तोच राहिला. वाकाटकांच्या ताम्रपटांप्रमाणे जुन्या दानपत्रांतून जमिनी दिलेल्या असत त्या 'आचंद्रार्क', चंद्रसूर्य असेतोपर्यंत. कायद्याच्या मसुदेकाराने चंद्रसूर्यांना मध्ये घातले नाही, पण त्याला सांगावयाचे होते ते तेच.

1956 साली या अखंडतेची कसोटी लागली. भाषावार प्रांतरचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि नागपूरचे राजधानीपण एका रात्रीत संपले. सचिवालय गेले. येथले उच्च न्यायालयही, जे विद्यापीठानंतर तेरा वर्षांनी, 1936 मध्ये मिळाले होते, नव्या मध्यप्रदेशाचे होऊन जबलपुरास गेले, आणि येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेवढे राहिले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या बोलण्यात अजून ती हळहळ ऐकू येते, आणि ती अगदीच अनाठायी म्हणवत नाही. विद्यापीठ मात्र जागचे हलले नाही. राज्य बदलले, कुलपती बदलले, विद्यापीठाची मुद्रा नागपुरातच राहिली.

तोवर नागपूरच्या वडालाही पारंब्या फुटल्या होत्या. सर हरिसिंग गौर हे दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, नंतर नागपूरचे, आणि अखेर स्वतःच्या मिळकतीतून 1946 मध्ये जन्मगावी सागर विद्यापीठ स्थापन करणारे. एका आयुष्यात तीन विद्यापीठांच्या मुद्रांशी असा संबंध आलेला दुसरा गृहस्थ आठवत नाही. त्यानंतर हिंदी भाषक जिल्हे गेले, 1969 मध्ये कृषिशिक्षण अकोल्याच्या पंजाबराव कृषि विद्यापीठाकडे गेले, 1983 मध्ये वऱ्हाडचे जिल्हे अमरावती विद्यापीठाकडे, आणि 2011 मध्ये चंद्रपूर व गडचिरोली गोंडवाना विद्यापीठाकडे. प्रत्येक वेळी येथे थोडी कुरकुर झाली, थोडे हिशेब झाले. मुलूख गेला की दरबारी माणसाला वाईट वाटते, हा मनुष्यस्वभाव. पण ज्या वृक्षाची आपण स्वतः पारंबी, त्याचे वचन आपणही पाळले एवढेच यात झाले.

मुद्रेच्या परिघावरील अक्षरे 2005 मध्ये बदलली. 4 मे रोजी विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले आणि त्याच सुमारास अमरावती विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाचे झाले. शाळेशी ज्यांचा फार संबंध आला नाही अशा दोन सत्पुरुषांची नावे विदर्भातील पदवीपत्रांवर विराजमान व्हावीत, यात काहींना विसंगती दिसली. मला ती दिसत नाही. एकाने खंजिरीवर आणि दुसऱ्याने खराट्याने जेवढे लोकशिक्षण केले तेवढे करण्यास आपल्या कित्येक विद्याशाखांना अजून पुष्कळ वर्षे लागतील. नाव लांबल्याने परिघातील अक्षरे बारीक करावी लागतात, ही अडचण खोदकाराची.

ही मुद्रा असते कोणापाशी? कायद्याने कुलसचिव हा विद्यापीठाच्या अभिलेखांचा आणि सामाईक मुद्रेचा अभिरक्षक. कुलसचिव हा शब्द ज्याने घडविला त्याच्या मनात अष्टप्रधान होते की नाही हे ठाऊक नाही, परंतु त्याची निवड अचूक उतरली; शिवकाळातील सचिव, म्हणजे आधीच्या फारसी परिभाषेतला सुरनीस, याचे मुख्य काम राजपत्रे तपासून त्यांतील अधिकउणे दुरुस्त करणे हेच होते. फौज आणि मुलूख पेशव्यांनी सांभाळावेत, कागद सचिवाने. प्रधानांना पदाबरोबर शिक्केकट्यार मिळे. कुलसचिवाच्या वाट्याला कट्यार आली नाही, एवढे मात्र खरे, आणि परीक्षांच्या हंगामात तिची उणीव त्याला भासत असेल असे कधी कधी वाटते.

सामान्य विद्यार्थ्याला ही मोठी मुद्रा क्वचितच दिसते. त्याला ठाऊक असतो तो कार्यालयातला गोल शिक्का. सत्यप्रतीवर गोल शिक्का, बोनाफाइडवर गोल शिक्का, स्थलांतराच्या दाखल्यावर गोल शिक्का. शाईची गादी वाळलेली असली की अर्धेच वर्तुळ उमटते, आणि मग पुढच्या खिडकीवरचा कारकून तेवढ्यासाठी कागद परत करतो. माझ्या विद्यार्थिदशेत एका कचेरीने मला अशाच अर्धवर्तुळापायी तीन हेलपाटे घालायला लावले होते. तेव्हा मनात जे आले ते पॅरिसच्या विद्यार्थ्यांहून फार निराळे नव्हते. आता स्वयंसाक्षांकनाची सोय झाली, पदवीपत्रे संगणकाच्या भांडारात गेली, आणि ज्या कागदाला हात लावून उठाव चाचपता येत असे त्याच्या जागी चौकटीदार ठिपक्यांची एक संकेतखूण आली, जी डोळ्यांना काहीच सांगत नाही आणि यंत्राला सर्व सांगते. वाकाटकांचा दूत ताम्रपट घेऊन गावात जाई तेव्हा गावच्या महत्तरांपैकी किती जणांना मुद्रेवरील श्लोक वाचता येत असेल? त्यांनीही बहुधा कडी तुटलेली नाही ना, एवढेच पाहिले असेल.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास प्रभावतीगुप्तेचा दुसरा ताम्रपट सापडला होता. महानुभावांचे हे पवित्र क्षेत्र. मराठी गद्याचा पाया जेथे घातला गेला त्या भूमीत, सुमारे आठशे वर्षे आधी कोरलेला एका राणीचा संस्कृत लेख पुरून राहिलेला होता. त्याच रिद्धपुरात आता शासनाने मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन केले आहे. इतर विद्यापीठांप्रमाणे त्याचीही एक मुद्रा असणार, आणि तिच्या वर्तुळात कोणती अक्षरे बसवावीत याचा विचार करणाऱ्यांना दाखला हुडकण्यासाठी गावाबाहेर जावे लागणार नाही.